आयेची उघाडी

१२ जानेवारी ९७, रविवार

आयेने आजही धड जेवण केलं नाही. मांदेलीचं कालवण, तांदळाची भाकरी. मसाला तिचा, हात माझा. दोन घास खाल्ले, तांब्याभर पाणी प्यायली आणि ताट उचलून मागच्या दारी गेली. "मना उपास हाय." मांदेली खाता खाता उपास! मार्गशीर्ष संपला, गुरुवार संपले, हिचे उपास चालूच.

वंदीने, म्हणजे नणंदेने, तीन भाकऱ्या हाणल्या. दादांनी, सासऱ्यांनी, बोटं चाटली. म्हणजे कालवण वाईट नव्हतं. मग?

मग काय ते मला कळतं. साताऱ्याची पोर, बाप तुर्भ्याला मार्केटात माथाडी, आणि सून खाडीकाठच्या आगरी घरात. "सासूबाई नको, आये म्हन," असं पहिल्या दिवशी तिनेच सांगितलं होतं. पण म्हणायला सांगणं वेगळं आणि हातचं खाणं वेगळं.

आणि धवला. आये धवलारीण आहे. गावात कुणाचंही लग्न तिच्या धवल्याशिवाय लागत नाही. मांडव, हळद, तेल सगळं तिच्या गाण्यावर चालतं, भटजीचा नंबर नंतर. आमचं तेवढं ठाण्याला रजिस्ट्रारच्या टेबलावर लागलं. सही कर, शाई पूस, झालं. मेमध्ये तीन वर्षं होतील. मी कधी विषय काढला नाही. तिनेही नाही.

१९ जाने., रवि.

आज पाहिलं. माझी भाकरी कोंबड्या खात होत्या. तुकडे करून, व्यवस्थित, जणू लग्नाची पंगत.

दत्ता तळोज्याच्या कंपनीतून नाइट करून आलेला, डोळे लाल. तरी भांडले. "तुझ्या आईला माझ्या हातचं चालत नाही, एकदाच काय ते सांग." तो म्हणाला, "तिला बोलायचं असतं तर बोलली असती. तिचं तोंड कुणी धरलंय?" खरं आहे. आये पोलीसपाटलालासुद्धा तोंडावर सुनावते. मग मलाच का नाही?

उशीत तोंड घालून रडले. वहीतही लिहायला लाज वाटते.

२६ जाने., रवि.

शाळेतलं झेंडावंदन आटपून दहालाच घरी. मागच्या दारी आवाज आला म्हणून गेले.

आये पायरीवर. हातात सुक्या भाताचा गोळा. तो तोंडात टाकला, पाणी प्यायली, आणि दोन्ही हात वर करून मान ताणली. कोंबडी पाणी पिते ना, अगदी तशी. मला आधी हसूच आलं. मग सगळं बाहेर पडलं. भात, चहा, कालचं काहीतरी. धावत जाऊन पाठ धरली. मणका न मणका हाताला लागला. लुगड्याच्या आत बाई कुठे आहे?

"काटा रुतलाय ग. गनपती गेल्यावर बोय खाल्लेली ना, तवापासून."

काटा काढायला भाताचा गोळा. गोळा उतरेना म्हणून केळं. केळं उतरेना म्हणून पाणी. घशात मासळीचा काटा अडकला की सगळं गाव हेच करतं. पण एक दिवस, दोन दिवस. ही गणपतीपासून!

मी विचारलंच. "आणि माझी भाकरी कोंबड्यांना?"

"तुज्यासमोर कशी ओकू? पोर शालेतून दमून येते, रांधते. तुला वाईट वाटंल म्हनून मागं नेते."

मग बजावलं, "दत्ताला सांगू नको. वंदीच्या लग्नाची खरेदी चाललीय, उगा टेन्शन नको."

मी हो म्हटलं. पायरीवर तिच्या शेजारी बसले. काय वाटलं ते कसं लिहू. हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून स्वतःचीच चीड आली. बाई उपाशी आहे आणि मला आनंद कशाचा, तर तिचा राग नाही याचा.

२७ जाने.

दत्ताला सांगितलं. एक दिवससुद्धा पोटात राहिलं नाही. त्याने शर्टाची बटणं लावली आणि रजा टाकायला फोनवर गेला.

१ फेब्रु., शनि.

नेरूळच्या डॉक्टरने टॉर्च मारून घसा बघितला. काटा-बिटा काही नाही. म्हणाला, वाशीला जा, बेरियमचा एक्स-रे काढा. आये वाटभर त्याला शिव्या घालत होती. "पोऱ्या हाय तो. त्याला काटा काय दिसनार, त्याने बोय खाल्लीय काय कदी?"

ब्लाउज शिवायला वंदीने मापं घेतली. आयेच्या जुन्या ब्लाउजात आता वंदी आणि आये दोघी मावतील. वंदी हसायला गेली आणि तिचं तोंड कसनुसं झालं. तिलाही कळलं आता.

५ फेब्रु.

एक्स-रे. पांढरं दाट पाणी प्यायला दिलं. फळ्याचे खडू भिजवून ढवळावे तसं. आये म्हणे, "शैले, तुज्या शालेतलं आनलंस काय?" प्यायली. अर्धं परत आलं.

दत्ता बाहेर उभा. काय मनात आहे ते दोघांनी बोलायचं नाही असं न बोलताच ठरलेलं. शेजारच्या गल्लीतले तात्या असेच गिळता येईना म्हणून गेले होते. त्या रोगाचं नाव कुणी घेत नाही. मीही इथे लिहीत नाही.

७ फेब्रु., शुक्र.

तो रोग नाही! तो रोग नाही! वाशीच्या डॉ. नी दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा विचारलं.

दुसरा आहे. नाव लांबलचक, लिहून घेतलं: अकॅलेशिया. रिपोर्टात आणखी एक शब्द, डायलेटेड. अन्ननलिका डायलेटेड. म्हणजे रुंद झालेली, फुगलेली. आणि उपाय काय? डायलेटेशन! मला वाटलं माझी थट्टा चाललीय.

"रुंद झालीय हा आजार, आणि रुंद करायची हा उपाय?"

डॉ. हसले. चांगला माणूस आहे, चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसतो. म्हणाले, "बाई, कुठे रुंद ते बघायचं. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथली झडप उघडत नाहीये. घास वरच साठतो, म्हणून वरची नळी फुगलीय. आम्ही खालची आवळलेली जागा रुंद करणार. तोंडातून नळी घालायची, तिच्या टोकाला फुगा, तो झडपेत नेऊन फुगवायचा."

"काटा?"

"काटा कधीच नव्हता."

आये ऐकत होती. डॉक्टरला एक शिवीसुद्धा नाही. ही लक्षणं चांगली नव्हेत.

८ फेब्रु., शनि.

नाही म्हणतेय. साफ नाही.

"गल्यात घालून रुंद करनार? बासरीचं भोक मोठं केलं त सूर रायल काय? माजा आवाज फाटंल."

आता कळलं. तिला भीती मरणाची नाही, गळ्याची आहे. वंदीचं लग्न मेमध्ये. गावच्या सगळ्या पोरींना हिने मांडवाखालून घालवलं आणि आता स्वतःची पोर. "लगीन होऊ दे. मंग तुमी फुगा घाला नायतर टायर घाला."

दत्ता चिडून म्हणाला, "मेपर्यंत तू राहशील का?" दादा उठून बाहेर गेले.

१० फेब्रु.

स्टाफरूममधला जाड शब्दकोश काढला. डायलेटेशन: विस्फारण, विस्तारण. डोळे विस्फारतात एवढंच मला माहीत होतं. मोकाशीबाई म्हणाल्या, "अगं, बाळंतपणात नर्स दर तासाला हेच बघायची, किती झालं म्हणून. मी कळा देतेय आणि ह्या बोटं मोजतायत." दादांना मागे मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यांत थेंब घातले तेव्हाही डॉक्टर हाच शब्द म्हणाला होता. दिवसभर दादांना ऊन सोसेना, समोरची कोंबडी दिसेना. आणि हृदय असं पसरलं तर ते वाईट, तसं मोकाशीबाईंच्या भावाचं झालंय. एकच शब्द. कुठे आजार, कुठे उपाय, कुठे नुसती बाळाची वाट.

पण आयेला शब्दकोश घेऊन काय करू.

१२ फेब्रु.

शाळेतला शरीराचा तक्ता गुंडाळून काखेत मारला आणि बसने घरी आणला. कंडक्टर म्हणाला, मॅडम, चटईचं पण तिकीट काढा.

भिंतीला टांगला. कातडी नसलेला माणूस. आये म्हणाली, "याला आदी कपडं घाल."

दाखवलं. ही श्वासाची नळी, इथे आवाज. ही मागची अन्नाची. दोन वेगळ्या वाटा. डॉक्टर मागच्या वाटेने जाणार. आवाजाशी त्याचं काही काम नाही. आये बघत राहिली. "चित्रातल्या मानसाचं ठीक हाय. तो कुठं गातो?"

मग मी एक्स-रे आणला आणि खिडकीच्या उजेडात धरला. तिचा स्वतःचा. पांढरी नळी वर फुगलेली आणि खाली एकदम शेपटीसारखी बारीक. तिने डोळे बारीक केले. लुगड्याच्या पदराने फिल्म पुसली. आणि म्हणाली,

"ही त आपली उघाडी."

मला कळेना. दादा ओटीवरून आत आले, बघितलं आणि हसले. किती दिवसांनी हसले! खारबंदिस्तीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, उघाडी असायची म्हणे, बांधातली लाकडी झडप. भरतीला आपोआप मिटायची, ओहोटीला उघडायची आणि शेतातलं पाणी खाडीत सोडायची. गाळ बसून जाम झाली की आतलं पाणी जागीच पसरायचं, भात कुजायचा. मग दादा कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती मोकळी करायचे. ती शेतं गेली. तिथे आता सीवूड्सच्या बिल्डिंगी आहेत.

"मंजी पानी साठलंय म्हनून शेत मोठं दिसतंय," आये म्हणाली. "शेताचा दोष नाय."

डॉक्टरने हेच समजवायला अर्धा तास घालवला होता. मला वाटलं, जिंकले.

"पन जानार त गल्यातूनच ना," असं म्हणून तिने एक्स-रे पाकिटात घातला आणि कोंबड्या कोंडायला गेली.

२ मार्च, रवि.

दूध, पेज, ताक. तेही घोटघोट. पेज गाळून देते. गाळणीत उरलेलं शीत बघून ती म्हणते, "ते तू खा, फेकू नको." माझा जीव तुटतो. समोर बसून जेवता येत नाही मला. मागच्या दारी जाऊन जेवते आता मीच.

२३ मार्च, रवि. होळी

संध्याकाळी होळीभोवती बायका उभ्या राहिल्या. गाणं नेहमी आयेनेच उचलायचं. तिने उचललं. पहिली ओळ छान. दुसऱ्या ओळीला दम पुरेना. तिसरीला थांबली. तोंड उघडं, आवाज नाही. शेजारच्या बायकांनी ओळ धरली, सांभाळून घेतलं, कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं. तिच्याही.

घरी येताना माझा दंड धरून चालली. घट्ट.

२४ मार्च

सकाळी चूल पेटवता पेटवता, माझ्याकडे न बघता:

"गला त भुकेनंच चाललाय. ने मना तुज्या फुग्याकडं."

मी बोलले असते तर बदलली असती. धावत जाऊन दत्ताला उठवलं.

३१ मार्च, सोम.

उद्या ॲडमिट. डॉक्टरांनी सगळं खरं सांगितलं. शंभरातल्या बऱ्याच जणांचं नीट होतं, क्वचित नळीला इजा होते, मग ऑपरेशन. घसा काही दिवस दुखेल. आवाज जायचं कारण नाही, म्हणाले. कारण नाही म्हणजे जाणारच नाही असं नाही, हे आयेने बरोबर पकडलं.

शाळेतून आले तर मागचं अंगण सारवलेलं. तांदळाच्या पिठाचा चौक. मध्ये दोन पाट. वाटीत हळद. मी विचारलं, कुणाचं काय?

"बस."

दत्ता कंपनीतून आला तो बूट-युनिफॉर्मवरच. त्यालाही "बस."

"तुमचा धवला रायलाय. मना तवा राग आलेला, मी गायले नाय. दत्ता बोलला आमी सह्या केल्या, मी बोलले मंग सह्याच गा." मग वाटीतली हळद कालवत, "उद्या गला असला नसला. तुजं देनं ठेवून मी नाय जानार."

आणि गायली. दादा दाराला टेकून, वंदी हळद लावायला. आये दोन ओळी म्हणायची, थांबायची, घोटभर पाणी घ्यायची, छातीवर हात ठेवून ते उतरायची वाट बघायची, पुन्हा गायची. धवल्यात नवरीचं नाव घालतात, बापाचं नाव, गावाचं नाव. तिने माझ्या बापाचं नाव घातलं. आमच्या गावचं नाव घातलं, जिथे ती कधी आलेलीसुद्धा नाही, आणि त्याच्या नदीचंही. कुणाला विचारून ठेवलं होतं? कधीपासून ठेवलं होतं?

दत्ता बूट घालून बसलेला आणि रडत होता. मी तर विचारूच नका. हळद सगळी वाहून ब्लाउजवर.

तीन वर्षं मला वाटत होतं, मला ते नकोच होतं.

१ एप्रिल, मंगळ.

सकाळी आत नेलं. स्ट्रेचरवरून नर्सला म्हणाली, "बाय, हलू घाल." दादा बाकावर. हातात तंबाखूची चंची, पण उघडली नाही. दत्ता जिन्याने खाली वर, खाली वर.

डॉ. बाहेर आले, चष्मा कपाळावर. "झालं. झडप सुटली." आज काही नाही द्यायचं. ताप येतो का, छातीत दुखतं का, बघायचं.

ताप नाही. तीनदा हात लावून बघितला. चौथ्यांदा तिने माझा हात बाजूला केला.

२ एप्रिल

पाणी. मग चहा, कोमट. चमचा चमचा देत होते, तिने कपच हिसकावला. एक घोट. छातीवर हात ठेवून वाट बघितली, सवयीने. मग डोळे मोठे झाले. बोटाने दाखवलं: गेला. खाली. सरळ.

पण बोलली नाही. सगळं खुणेने. नर्सने विचारलं, घसा दुखतोय का? मान हलवली, थोडा. आवाज येत नाही का? त्यावर खिडकीकडे तोंड फिरवलं.

येत नाही की काढून बघायची भीती वाटतेय?

४ एप्रिल, शुक्र.

घरी. अजून खुणाच. डॉ. म्हणाले, घशाला काही झालेलं नाही, बोलतील. आणखी म्हणाले, झडप पुन्हा आवळू शकते. कुणाची वर्षानुवर्षं टिकते, कुणाला परत फुगा लागतो. सांगता येत नाही. वंदीने लगेच विचारलं, मेपर्यंत? डॉ. नी खांदे उडवले नाहीत, पण तसंच काहीतरी केलं.

बायका येऊन जातात. सगळ्यांच्या मनात एकच. लग्नात धवला कोण गाणार? तोंडाने कुणी विचारत नाही.

१३ एप्रिल, रवि.

पेज झाली, मऊ भात झाला. आजपासून भाकरीला डॉ. नी परवानगी दिलेली, दुधात कुस्करून. मी तांदळाचं पीठ काढायला गेले तर आयेने हात धरला आणि वरच्या फळीवरचा डबा दाखवला. माझा. ज्वारीचा. साताऱ्याहून आलेला, मी एकटीच खाते तो.

भाकरी थापली. एक फाटली, दुसरी घेतली. ताट घेऊन ती मागे गेली नाही. आमच्यात बसली, माझ्या शेजारी मांडी घालून. कुस्करलं, खाल्लं. पाण्याचा तांब्या लांबच राहिला. अर्धी, मग उरलेली अर्धी. कोंबड्या मागच्या दारी ओळीने उभ्या राहून आत बघत होत्या. वंदी म्हणाली, "जावा आता, तुमचा डबा बंद झाला."

दादा आणि दत्ता उठले. मी घास घेतला. आणि आये बोलली. बारीक, खरखरीत, पण बोलली.

"वंदीच्या लग्नाला माज्या बाजूला बस. माजा दम सुटला की तू ओल धरायची."

"मी? आये, मला कुठे येतं? माझी जीभ साताऱ्याची. लोक हसतील."

"हसू देत. मी शिकवते. ऐक."

आणि तिथेच, खरकट्या हाताने, एक ओळ म्हणाली. आवाज तोच का? मला सांगता येत नाही. वरचा सूर होता तिथे गेला नाही, खालीच राहिला, पण फाटला नाही. ओळ संपवून ती माझ्याकडे बघत राहिली, मी पुढची म्हणावी म्हणून.

माझ्या तोंडात घास तसाच. गिळता येईना. डोळ्यांतून घळाघळा.

आये वाकून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. "काय ग, काटा रुतला? भाताचा गोला देऊ?"

आणि हसली. खूप दिवसांनी, पोटातून. मग माझी पाठ थोपटली, परत पहिली ओळ म्हणाली, आणि थांबली.